टॅपेट बोललं पाहिजे

पाय पुढे सोडून बसायची मोटारसायकल, म्हणजे क्रूझर, मूळची गोरेगावची नव्हे, हे तिला आरे रोडच्या सिग्नलला उभी पाहिली की कळतं. सीट खाली, हँडल वर, आणि पुढचं चाक मालकाच्या बरंच आधी चौकात पोहोचलेलं. सकाळी टॉपचा गिअर टाकला की संध्याकाळपर्यंत वळणाची काळजी नाही, असे रस्ते अमेरिकेत आहेत म्हणे. हा बसण्याचा बेत तिथे ठरला. आमच्याकडे वळण नसेल तर खड्डा असतो, खड्डा नसेल तर रिक्षा असते, आणि जुलैत खड्ड्यातच रिक्षा असते. साध्या मोटारसायकलवरचा माणूस डबकं आलं की पाय वर घेतो. क्रूझरवाल्याचे पाय गाडीच्या आधी डबक्यात जाऊन खोली मोजून येतात.

अशी एक गाडी पांडुरंगवाडीतल्या आमच्या सोसायटीत वीसहून जास्त वर्षं मुक्कामाला आहे. कावासाकी बजाज एलिमिनेटर. २००१ च्या जानेवारीत ती बाजारात आली आणि सोसायटीतल्या काकांनी ती त्याच वर्षी घेतली. १७५ सीसी, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन. किंमत त्या वेळच्या साध्या शंभर सीसीच्या जवळजवळ दुप्पट. नाव मात्र मोठ्या घरचं: १९८५ साली कावासाकीने ९०० सीसीची एलिमिनेटर काढली होती, निन्जाचंच इंजिन घातलेली. आपल्याकडे आली ती साधारण पाचव्या हिश्श्याची. पण टाकीवरची अक्षरं तेवढीच मोठी, आणि सोसायटीतल्या मुलांना कुठे सीसी मोजता येत होते? त्याच सुमाराला यामाहाची एन्टायसर आली, ती तर १२५ सीसीची. मुंबईत तेव्हा पाय पुढे सोडून बसायची दोनच साधनं परवडत होती, ही आणि ती. तिसरं म्हणजे आरामखुर्ची, पण तिला आरटीओचा नंबर मिळत नाही.

काकांच्या गाडीचा नंबर एमएच ०२, अंधेरी आरटीओचा. गोरेगावचं काम पुढे बोरिवलीला गेलं आणि एमएच ४७ सुरू झालं. या जुन्या नंबराचा काकांना जो अभिमान आहे तो शिवाजी पार्कात जन्मलेल्यांनाही आपल्या पत्त्याचा नसेल. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, पीयूसी, सगळं वेळच्या वेळी. निवृत्त प्रॉडक्शन इंजिनिअर माणूस. कागद, पाने आणि चष्मा या तीन गोष्टी त्यांना अंधारातही सापडतात.

तर अशा माणसाला अशी गाडी मिळाल्यावर दुःख कशाचं असावं? दुःख एकच. ती बिघडत नाही.

हे दुःख समजून घ्यायचं तर कावासाकीसारख्या गाड्या बनवणारा जपानी इंजिनिअर कोणत्या मातीचा असतो ते बघायला हवं. मालकाने यंत्राकडे कमीत कमी बघावं, हे त्याचं ध्येय. होंडाने १९५८ साली सुपर कब काढली; क्लचचा दांडाच ठेवला नाही, म्हणजे तो दाबायचं विसरण्याचा प्रश्नही नाही. २०१७ पर्यंत असे दहा कोटी कब तयार झाले. इतकी माणसं इंजिनाचा विचार न करता कामावर पोहोचली. हीच मंडळी १९८० च्या आसपास अमेरिकी क्रूझर बनवायला बसली. तिथले हार्ले-डेव्हिडसनवाले तेव्हा अडचणीत होते. त्यांनी सरकारकडे धाव घेतली आणि एप्रिल १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेबांनी ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेलं. जपान्यांनी रडारड केली नाही, उपोषणाला बसले नाहीत. ७५० ची इंजिनं त्यांनी थोडी आक्रसून ६९९ सीसीची केली आणि बोटीत चढवली. नियमाचा मान राखून नियमाला वळसा घालायची ही कला फक्त आपल्याच सोसायट्यांच्या बाल्कन्यांमध्ये जन्मली, असा माझा समज होता.

त्या काळातली होंडा शॅडो बघा. तिला चेन नाही, शाफ्ट आहे, म्हणजे चेन ताणणं गेलं. व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट हायड्रॉलिक, व्हॉल्व्हची फट आपली आपणच सांभाळणारे, म्हणजे टॅपेट सेटिंग गेलं. इंजिन पाण्याने थंड होणारं. तरी सिलिंडरवर हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे फिन्स दिखाव्याला ठेवले होते. निदान पुसायला काहीतरी असावं, ही दया. आणि वर आवाजाचा घोळ. हार्लेच्या इंजिनात दोन सिलिंडर ४५ अंशांच्या व्हीमध्ये उभे, पण दोघांचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनेवर. त्यामुळे पहिल्या स्फोटानंतर दुसरा ३१५ अंशांनी होतो आणि पुन्हा पहिला व्हायला ४०५ अंश लागतात. ठेका लंगडा पडतो, गाडी थरथरते, आणि त्या थरथरीला गिऱ्हाईक ‘आत्मा’ म्हणतं. होंडाच्या इंजिनिअरांना ही थरथर म्हणजे राहून गेलेलं काम वाटलं. त्यांनी क्रँकवरच्या पिना एकमेकींपासून अशा कोनात फिरवल्या की थरथर जवळपास नाहीशी झाली. गिऱ्हाईक म्हणालं, छान आहे, पण काही वाटत नाही. शेवटी १९९५ मध्ये होंडाने अकराशे सीसीची शॅडो एसीई काढली आणि तिच्यात मुद्दाम एकाच पिनेचा क्रँक घातला. एवढ्या हुशार माणसांनी पगार घेऊन, ड्रॉइंग काढून, चाचण्या करून गाडी थोडी बिघडवली. त्याच्या आदल्याच वर्षी हार्लेने आपल्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता. सहा वर्षं वकिलांनी तो आवाज ऐकला, मग कंपनीने अर्ज मागे घेतला.

काकांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ हसले नाहीत. मग म्हणाले, “मुद्दाम घातली थरथर? आणि आम्ही आयुष्यभर व्हायब्रेशन कमी करायच्या मीटिंगा घेतल्या.”

हार्लेविषयी मात्र त्यांच्या मनात वेगळी अढी आहे, आणि ती यांत्रिक नाही. काका देवगडचे. २००७ साली हार्लेला भारताचं दार उघडलं ते आपला आंबा अमेरिकेत घेण्याच्या बदल्यात. हापूस तिकडे, धूर इकडे. “एका पेटीत किती सीसी बसतात, एवढं कोणी सांगेल का?” हा प्रश्न ते दर मे महिन्यात विचारतात, आणि सोसायटीत त्याचं उत्तर अजून कोणाला आलेलं नाही.

एलिमिनेटरमध्ये चेन आहे, टॅपेट हाताने सेट करावे लागतात, कार्बोरेटर आहे. म्हणजे जपान्यांनी करायला काही शिल्लक ठेवलंय. काकांनी ही गाडी घेतली ती याच आशेवर. पण एकच सिलिंडर, साधं इंजिन, चालवणं महिन्याकाठी आरेतून पिकनिक पॉइंटपर्यंत आणि परत. बिघडणार तरी काय? मग काकांनी मार्ग काढला. गाडी बिघडायची वाट न बघता ते तिला दुरुस्त करतात.

रविवारी सकाळी सहाला काका खाली उतरतात. एवढ्या लवकर का, याला शास्त्रीय कारण आहे: टॅपेट थंड इंजिनावरच सेट करायचे असतात. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबीला वाढतो आणि मोजलेल्या फटीला अर्थ राहत नाही. काका प्लग काढतात, चाक फिरवून पिस्टन वर आणतात, इंजिनावरच्या खिडकीतून खूण जुळवतात. ही खूण इंजिनाच्या एका चक्रात दोनदा जुळते आणि त्यातली एकच खरी असते, हे ते जिन्यावरून उतरणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतात. मॉर्निंग वॉकला निघालेली माणसं आधी थांबून ऐकायची. आता ती दुसऱ्या जिन्याने उतरतात. मग फीलर गेजच्या पात्या निघतात. फट पुस्तकात दिल्याबरहुकूम असते. गेल्या रविवारीही होती. काका तरीही चेकनट सैल करतात आणि पुन्हा तीच फट ठेवून आवळतात. कारण नट सैल केला नाही तर काम झालं असं म्हणता येत नाही.

एका पावसाळ्यात घात झाला. काकांना टॅपेटची टिकटिक ऐकू यायला लागली. ती पहिल्यापासून होती. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे ऐकायला वेळ आला होता. त्यांनी फट कमी केली. टिकटिक थांबली. दोन दिवस काका समाधानाने फिरले. तिसऱ्या दिवशी गाडी तापली की सिग्नलला बंद पडायला लागली. ढकलत ढकलत ती हायवेच्या बाजूच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे पोहोचली. या मिस्त्रीने कोणतंही पुस्तक वाचलेलं नाही आणि त्याच्या हातात फीलर गेज मी कधी पाहिलं नाही. त्याने स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावलं आणि म्हणाला, “काका, टॅपेट को बोलने दो. चूप बैठा तो समझो व्हॉल्व्ह जल रहा है.”

माझ्या मते अभियांत्रिकी शिक्षणाच्या चार वर्षांत एवढं नेमकं वाक्य कोणी उच्चारत नाही. फट घट्ट झाली तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि मिटायला न मिळालेला व्हॉल्व्ह कडेने जळत जातो. आवाज करणारा टॅपेट फक्त त्रास देतो. गप्प बसलेला खर्चात पाडतो. मिस्त्रीने दहा मिनिटांत टिकटिक परत बसवली. “अजून काय करायचं?” असं काकांनी विचारलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावून “हाथ मत लगाओ” एवढंच सांगितलं. ही सूचना काकांनी डॉक्टरांकडून टाके काढायची तारीख घ्यावी तितक्या गंभीरपणे लिहून घेतली आणि पुढच्या रविवारी कार्बोरेटर खोलला.

इथे स्क्रूंचा प्रश्न येतो. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्या स्टार स्क्रूची जुळी बहीण वाटते, पण ती जुळी नाही. जपानी मापाच्या फुलीचे आतले कोपरे वेगळे कापलेले असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत टेकत नाही; जोर दिला की वर सरकतो आणि वर सरकता सरकता खाच खाऊन टाकतो. म्हणून जुन्या जपानी गाड्यांचे स्क्रू घट्ट असतात अशी जगभर बोंब आहे. ते घट्ट नसतात, त्यांना चुकीच्या माणसाने चुकीच्या हत्याराने सोडवायचा प्रयत्न केलेला असतो. बऱ्याचदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, ओळखीची खूण म्हणून. काकांनी ते टिंब भिंगातून पाहिलं, योग्य स्क्रूड्रायव्हर मागवला. तो आला तेव्हा फ्लोटच्या वाटीच्या चारपैकी तीन स्क्रूंची डोकी गुळगुळीत झाली होती.

कार्बोरेटरचा सध्याचा शत्रू पंपावरच भेटतो. २०२५ पासून सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला पाण्याची ओढ, जुन्या रबराशी त्याचं जमत नाही, आणि महिनाभर उभ्या गाडीच्या वाटीत ते पडून राहिलं की जेटमध्ये किटण धरतं. हे इथेनॉल येतं कुठून? त्यातलं काही उसातून. पश्चिम महाराष्ट्राच्या साखर पट्ट्याने मंत्रालय कित्येक दशकं ताब्यात ठेवलं हे आपण सगळे जाणतो, पण त्यांचा हात पांडुरंगवाडीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जपानी कार्बोरेटरच्या पायलट जेटपर्यंत पोहोचेल असं कोणत्याही राजकीय विश्लेषकाने लिहिलं नव्हतं. काका आता गाडी उभी करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतात, म्हणजे वाटी रिकामी होते. उपाय अगदी बरोबर आहे. फक्त ते करताना दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीत धूर जातो आणि वार्षिक सभेत हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ निघतो.

ही गाडी खरोखर बिघडली ती एकदाच. २६ जुलै २००५. सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ओशिवरा नदीला आपण नदी असल्याची आठवण झाली, आणि आमच्या पार्किंगमध्ये एलिमिनेटर सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर ड्रेन नट काढला तर खाली आलं ते पांढुरकं, दाट, आरेच्या बाटलीतलं असावं असं. ऑइलमध्ये पाणी घुसळलं गेलं की ते असं दुधाळ होतं. काकांचे ते सुवर्णदिन. प्लगच्या भोकातून पाणी उपसलं, एअर फिल्टर वाळत घातला, स्वस्त ऑइल घालून काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं, वायरिंगचे कनेक्टर हेअर ड्रायरने सुकवले. आजूबाजूला फ्रिज आणि गाद्या रस्त्यावर पडल्या होत्या, लोक विम्याचे अर्ज भरत होते, आणि त्या सगळ्या हाहाकारात एकच माणूस शीळ घालत होता. आठवडाभराच्या आत गाडी सुरू झाली. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या संध्याकाळी काका नीट जेवले नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढी राखलेली गाडी चालवावी तरी. कुठे? हा टोमणा नाही, भूगोलाचा प्रश्न आहे. क्रूझर बनते सरळ, लांब, मोकळ्या रस्त्यासाठी, आणि आपल्याकडे असा रस्ता बांधून झाला की त्यावर पहिला फलक लागतो तो दुचाकींना बंदीचा. पुण्याचा द्रुतगती मार्ग: बंदी. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला: बंदी. २०१३ चा पूर्व मुक्त मार्ग: बंदी. समृद्धी महामार्ग, नागपूरपर्यंत नजर ठरणार नाही इतका सरळ: बंदी. २०२४ मध्ये अटल सेतू आणि सागरी किनारा रस्ता, दोन्ही एकाच वर्षी, दोन्हीकडे बंदी. सुरक्षेची कारणं आहेत आणि ती मला पटतात. पण काकांची बाजूही बघा: वीस-बावीस वर्षांत राज्याने त्यांच्या गाडीसाठी अगदी मापात बसतील असे रस्ते एकामागून एक बांधले आणि प्रत्येकावर त्यांना नाव घेऊन अडवलं. उरला मृणालताई गोरे उड्डाणपूल. पूर्वेकडून चढावं, गाडी चौथ्यात टाकावी, आणि पाचवा टाकायच्या आत राम मंदिर रोडच्या गर्दीत उतरावं.

आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता येतोय. सव्वाबारा किलोमीटर, त्यातले ४.७ किलोमीटर राष्ट्रीय उद्यानाखालून जुळ्या बोगद्यांतून. काकांनी फिल्मसिटीजवळ जाऊन खोदकाम बघून घेतलं. बोगद्यात सायलेन्सरचा आवाज कसा घुमेल याचा अंदाज त्यांनी बांधून ठेवलाय. आतल्या वाहनांच्या यादीत दुचाकी असेल का, हा विषय सोसायटीत कोणी त्यांच्यासमोर काढत नाही. मराठी माणसं एकमेकांशी कितीही भांडली तरी काही ठिकाणी जपतात.

परवा काकांना चेन स्प्रॉकेट हवं होतं. जुनं झिजलं होतं असं नाही, पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका दुकानदाराने ओरिजिनल पीस असल्याचं फोनवर सांगितलं होतं. असे सुटे भाग आता गाडीपेक्षा दुर्मीळ आहेत. त्यामुळे गरज नसताना मिळाले तर तेव्हाच घ्यायचे असतात. गरज पडल्यावर ते नसतात. या तर्काशी मी सहमत आहे. माझ्याही माळ्यावर अशा गरजा पडून आहेत. मीही सोबत जायचं ठरलं. काका हेल्मेट घालून खाली आले आणि सरळ काकूंच्या स्कूटरकडे गेले.

“एलिमिनेटर नाही?”

“तिची चेन खोललीय ना. स्प्रॉकेटसाठी.”

काकूंची स्कूटर तीही मुळात जपानी घराण्याचीच. गिअर नाहीत, चेन नाही, आत एक बेल्ट आणि चार-सहा रोलर. रोज सकाळी काकू तिच्यावरून टोपीवाला मार्केटला जातात, नातीला क्लासला सोडतात, नाशिकची पाहुणी स्टेशनवरून आणतात. सर्व्हिसिंग होतं ते गॅरेजवाल्या मुलाचा फोन आला की. तिच्या ऑइलचा ग्रेड काय, तिचं इंजिन किती सीसीचं, काकूंना सांगता येणार नाही. पेट्रोल कुठल्या बाजूने भरतात तेवढं माहीत आहे. तिने कधी धोका दिला नाही.

काकांनी स्टार्टर दाबला. ती लगेच सुरू झाली. काका जरा वाकले, कान पुढे केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी ओळखतो तो भाव आला. “काहीतरी टिकटिक येतेय का रे? एकदा उघडून बघायला हवं.”

वरच्या खिडकीत काकू होत्या. रविवार सकाळ, पांडुरंगवाडी, सगळ्या खिडक्या उघड्या.

“अहो! कुर्ल्याला जायचंय तर जा. माझ्या गाडीला हात लावायचा नाही.”